मागच्या काचेचं पाणी

प्राध्यापक अक्कोळे गाडी घेऊन वर्कशॉपात शिरले ते थेट माझ्या रॅम्पपाशी आले. इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि मागच्या काचेवर बोट टेकवून म्हणाले, "हे काम तुम्हीच केलं होतं ना?"

काचेवर धुळीचा राप होता. त्यांच्या बोटाचा ठसा त्यात स्वच्छ उमटला.

"हो सर," मी म्हटलं. "पाणी येईना काय परत?"

"माझी आई मिरजेला दवाखान्यात आहे. खुब्याचं हाड मोडलंय. माझ्याच गाडीखाली आली." ते हे सगळं एका दमात बोलले. मग तितक्याच सपाट आवाजात म्हणाले, "मॅनेजरना बोलवा."

ही अकरा वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. मी तेव्हा जयसिंगपूरला सरनोबत मोटर्समध्ये इलेक्ट्रिशियन होते. आयटीआय करून आलेली, बावीस माणसांत एकटी बाई. तीन वर्षं झाली होती. पहिले सहा महिने मला गाड्या पुसायला ठेवलं होतं. तिथून मला उचलून वायरिंगला आणलं ते जोतिराम लोहारांनी. सगळे त्यांना लोहार मिस्त्री म्हणायचे, मी मामा म्हणायचे. "पोरीचा हात हलका हाय, वायरिंगला असाच लागतो," असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, त्यानंतर मला कुणी फडकं घ्यायला लावलं नाही.

मॅनेजर देशिंगकर साहेब ऑफिसातून धावतच आले. अक्कोळे सरांनी त्यांना जे सांगितलं ते मी गाडीला टेकून ऐकत होते. आदल्या दिवशी सकाळी सात वाजता कॉलेजला निघताना त्यांनी गाडी सुरू केली. रात्रभर दव पडलेलं, त्यावर ऊसगाड्यांच्या रस्त्याची धूळ. मागच्या काचेतून काहीच दिसत नव्हतं. त्यांनी स्टिअरिंगजवळचा वायपरचा दांडा फिरवला. पाणी उडालं नाही, वायपरही हलला नाही. दोनदा, तीनदा फिरवला. कॉलेजला उशीर होत होता. त्यांनी रिव्हर्स टाकला. मागं त्यांच्या आई, आक्का, वाकून अंगणातला पाण्याचा पाइप गुंडाळत होत्या.

"बारा दिवसांपूर्वी याच तक्रारीसाठी गाडी तुमच्याकडं दिली होती," सर म्हणाले. "तुमच्या कार्डावर लिहिलंय, तपासलं, ठीक आहे. खाली सही आहे. शालन भोरे."

सही माझीच होती. काम माझं नव्हतं.

मी मान वळवून बघितलं. मामा शेजारच्या रॅम्पवर एका जीपच्या बोनेटमध्ये वाकले होते. हातातला पाना थांबला होता.

बारा दिवसांपूर्वी ती गाडी माझ्याकडंच आली होती, हे खरं. मागच्या काचेवर पाणी येत नाही, एवढीच तक्रार. तसल्या गाडीत पाण्याची टाकी एकच असते, पुढं बोनेटखाली. तिथला पंप एका बाजूला फिरला की पाणी पुढच्या काचेवर जातं, उलटा फिरला की मागं. मागं जाणारी नळी सबंध गाडीभर प्रवास करते. दाराच्या कडेनं, छताच्या अस्तराखालून, डिकीच्या दाराच्या बिजागरीपर्यंत. तिथं एक रबरी बूट असतो, हत्तीच्या सोंडेसारखा वळ्यावळ्यांचा. त्यातून नळी आणि वायपरच्या वायरी दोन्ही दारात उतरतात. दार दिवसातनं दहा वेळा उघडतं, मिटतं, तेवढ्या वेळा नळी तिथं वाकते. म्हणून ती फाटते तर तिथंच.

मी अस्तर उतरवलं, बूट ओढला. नळी चिरली होती. चिरलेला भाग कापून टाकला आणि स्टोअरमधून प्लास्टिकचा नवा जोड आणला. तो दोन्ही टोकांत घट्ट दाबून बसवायचा, की झालं. पंधरा मिनिटांचं काम. तेवढ्यात फोन आला. माझी मुलगी शाळेच्या पायरीवरून पडली होती, हनुवटी फाटली होती, टाके घालायला नेत होते.

त्या महिन्यात माझ्या रजा संपल्या होत्या. न सांगता अर्धा दिवस गेल्याबद्दल आधीच एकदा लेखी ताकीद मिळाली होती. मी फोन हातात धरून नुसती उभी होते. मामांनी बघितलं.

"काय झालं गं?"

सांगितलं.

"मग हुबी काय ऱ्हायलीस? जा की. मागच्या दारानं जा."

"गाडी साडेपाचला द्यायचीय, मामा."

"ती मी बघतो. कार्डावर सही करून जा. सायबाला कळायचं कारण न्हाई." मी सही केली आणि पळाले. पोरीला पाच टाके पडले. संध्याकाळी मी मामांना फोन करून रडले, ते म्हणाले, "गाडी गेली. पानी झकास उडतंय. तू पोरीकडं बघ."

त्या दिवशी मला वाटलं होतं, असा माणूस आपल्याला मिळाला हे आपलं भाग्य.

"सगळं यांच्यासमोर उघडायचं," देशिंगकर साहेबांनी मला सांगितलं. "लपवाछपवी नको. काय दोष निघतो तो निघू दे." मग हाक मारली, "लोहार, तुम्हीही या. बघा काय करतेय ही."

मामा फडक्याला हात पुसत आले आणि माझ्या डाव्या बाजूला उभे राहिले. मला बरं वाटलं. मनात एकच आशा होती की दोष दुसऱ्याच कशात तरी निघेल. मोटर जळाली असेल, पंप गेला असेल. तसं झालं तर आम्ही दोघंही सुटलो असतो.

पहिल्यांदा फ्यूज बघितला. मागच्या वायपरचा फ्यूज उडालेला. नवा लावून दांडा फिरवला, तोही उडाला. मग वायपरच्या मोटरला बाहेरून वायर जोडून थेट बॅटरीचा करंट दिला. वायपर एकदम जिवंत झाला आणि धुळीत अर्धगोल काढून परत जागेवर बसला.

"मोटर चांगली आहे," मी म्हटलं. म्हणायलाच हवं होतं.

"मग?" सर म्हणाले.

"वायरीत कुठंतरी शॉर्ट आहे."

पंपाचा फ्यूज वेगळा असतो, तो शाबूत होता. दांडा पुढं ढकलला तर बोनेटखाली पंप व्यवस्थित घुरघुरला. टाकीतलं पाणी कमीही झालं. पण काचेवर थेंब आला नाही. म्हणजे पाणी निघत होतं, पोचत नव्हतं. मधेच कुठंतरी सांडत होतं.

मी कँटीनच्या बाईंकडून कपड्याची नीळ मागून आणली आणि टाकीत कालवली. सर बघत राहिले. "हे कशाला?" त्यांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात राग सोडून दुसरं काही होतं.

"पाणी कुठं जातंय ते दिसावं म्हणून, सर."

साहेबांना आत बसवून दांडा दाबून धरायला सांगितलं आणि मी डिकी उघडून मागं उभी राहिले. दहा सेकंद, पंधरा सेकंद. बिजागरीजवळ छताच्या पांढऱ्या अस्तरावर एक निळा डाग उमटला आणि पसरत गेला. मागं चारपाच जण जमले होते, त्यातला एक "आयला!" म्हणाला. खरं सांगायचं तर मलाही क्षणभर आनंद झाला. दोष सापडला की होतो तसा. आपण कुणासाठी खड्डा खणतोय हे त्या क्षणी डोक्यात नव्हतं.

मग मी तो रबरी बूट ओढून बाहेर काढला. आतून निळं पाणी माझ्या मनगटावर सांडलं. वायरींचा कनेक्टर भिजून हिरवा पडला होता, फ्यूज त्यानं उडत होता. आणि नळीची दोन टोकं एकमेकांपासून सुटली होती. एका टोकावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती, तीन वेढे आणि शेवटी पीळ. तारेनं मऊ नळी कापत आणली होती. प्लास्टिकचा जोड तिथं नव्हताच.

ती तार मी ओळखली. वर्कशॉपात सगळ्यांनी ओळखायला हवी होती. मामा तरुणपणी ट्रकवर होते, तिथं वाटेत काही सुटलं की वायर सोलायची आणि तिचीच तार बांधायची. तीन वेढे, एक पीळ. त्या ट्रकच्या जाड नळ्यांना ते चालायचं. मी त्यांना एकदा म्हटलंही होतं, मामा, ही नळी कापली जाईल. ते हसून म्हणाले होते, "आयटीआयवाली!"

साहेबांनी वाकून बघितलं. "हे काय आहे?"

"तार," मी म्हटलं.

"ते दिसतंय. जोड कुठाय?" त्यांनी स्टोअरकीपरला हाक मारली. त्यानं चिठ्ठी आणली. नळीचा जोड, एक नग, घेणार शालन भोरे. "जोड घेतलास आणि लावला नाहीस?"

मी मामांकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळ्यांना कळलं असतं. मी नुसती थांबले. मला पक्कं वाटत होतं की आता ते बोलतील. "साहेब, काम माझं आहे," एवढे चार शब्द. पुढचं मी सांगितलं असतं. मुलीचं, टाक्यांचं, मागच्या दाराचं. ताकीद नव्हे, नोकरी गेली असती तरी चाललं असतं, असं मला तेव्हा वाटत होतं. फक्त सुरुवात त्यांनी करायची होती. कारण मी सुरुवात केली असती तर ती चुगली झाली असती.

मामा खाकरले.

"सायेब," ते म्हणाले, "पोरगी नवी हाय. हुशार हाय, पन गडबड करती. घरचं, पोरीचं, सगळं डोक्यात असतंय तिच्या. माझीच चूक म्हना, मी शिकवायला कमी पडलो. समजून घ्या."

आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

त्या हाताखाली मी उभी राहिले. तो हात झटकून टाकायला मला अजूनही, कधी आठवलं की, खांदा हलवावासा वाटतो. पण तेव्हा मी हलले नाही. मी म्हणू शकले असते. माझ्या हातात तार होती, शाळेतून आलेला फोन होता, दवाखान्याची चिठ्ठी घरी होती. सगळं होतं, पण तोंडातनं शब्द फुटला नाही. नंतर लोकांनी म्हटलं, तुझा स्वभावच भिडस्त. भीड नव्हती ती. मला भीती वाटली होती. मामा "खोटं बोलतीय" म्हणाले असते तर तिथं माझ्या बाजूनं कोण होतं?

"मिस्त्री, तुम्ही कशाला मनाला लावून घेताय?" साहेब म्हणाले.

अक्कोळे सर माझ्याकडं बघत होते. चांगला माणूस होता तो. रात्रभर झोपला नव्हता हे डोळ्यांवरून कळत होतं. गाडीत फडकं असतं, उतरून काच पुसायला अर्धं मिनिट लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला टोचत होतं? ते ओझं ठेवायला त्यांना जागा हवी होती आणि मी ती दाखवून दिली होती, निळ्या रंगात. ते मला काही बोलले नाहीत. साहेबांना म्हणाले, "बायकांना असली कामं देता कशाला तुम्ही?"

साहेबांनी मान हलवली. "बरोबर आहे सर तुमचं."

त्याच दिवशी चार वाजता मला काढल्याचं पत्र दिलं. मी डबा घेऊन फाटकापाशी आले तर मामा कडुनिंबाखाली थांबलेले.

"शालन," ते म्हणाले. "दिसंना गं मला आत. लई अंधार. जोड बसंना. तीनदा निसटला हातनं. मग तार मारली."

मला ठाऊक होतं. वर्षभर मी त्यांना फ्यूजवरचे आकडे वाचून दाखवत होते. कुणाला कळू नये म्हणून हळू आवाजात.

"मला सांगायचं होतं मामा. दुसऱ्या दिवशी मी बसवला असता."

"इसरलो."

"आणि आज?"

ते जमिनीकडं बघत राहिले. "आज बोललो असतो तर डोळ्याचं निघालं असतं. दोघं बी गेलो असतो. तुझं वय हाय अजून. मी सायबाला सांगून तुला परत घ्यायला लावतो. सहा म्हयन्यांत. माझा शब्द."

मी त्यांच्या पाया पडायचे दर दसऱ्याला. त्या दिवशीही सवयीनं हात पुढं होणार होता. मी डबा दुसऱ्या हातात घेतला आणि निघाले.

सहा महिन्यांनी कुणी बोलावलं नाही. मी फोन केला नाही, त्यांनीही नाही. मधे एकदा मी अक्कोळ्यांच्या घरी गेले, आक्कांना बघायला. वॉकर धरून चालायला लागल्या होत्या. त्यांनी मला ओळखलं नाही आणि मीही कोण ते सांगितलं नाही, फक्त दवाखान्यातली ओळख म्हटलं. त्यांनी चहा घ्यायला लावला. "माझ्या पोराचा, बाहुबलीचा, काही दोष नव्हता हो," त्या म्हणाल्या. "गॅरेजवाल्या कुठल्याशा बाईनं काम बिघडवलं होतं."

पुढं कळलं की माझी नोकरी गेली त्याच महिन्यात आयटीआयच्या दोन मुली सरनोबतांकडं मुलाखतीला जायच्या होत्या. त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. त्यातली एक आता शिवणकाम करते. दुसरीचं मला माहीत नाही. मी बोलले असते तर त्या मुली आत गेल्या असत्या, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण गप्प बसून मी फक्त माझं नुकसान केलं, असं जे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते, ते खोटं होतं.

चार वर्षं घरी वायरिंगची किरकोळ कामं केल्यावर मी शिरोळ रस्त्याला स्वतःचं दुकान टाकलं. पाटीवर मुलीचं नाव आहे. गिऱ्हाइकं मला ताई म्हणतात.

गेल्या वर्षी सर्जेराव नावाचा एक माणूस माझ्याकडं कामाला लागला. पस्तिशीचा, संसारी, कामात स्वच्छ. सरनोबत मोटर्समध्ये सहा वर्षं काढून आलेला. मी तिथं होते हे त्याला माहीत नव्हतं, मीही काढलं नाही. लागला त्याच आठवड्यात एक गाडी आली, मागच्या काचेवर पाणी येईना म्हणून. मी बोनेटपाशी पंप तपासत होते, तो मागं बूट काढत होता. तिकडनं त्याचा आवाज आला.

"ताई, ही बघा, शालन-गाठ!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मागं गेले. नळीला कुठल्यातरी रस्त्यावरच्या मेकॅनिकनं तार गुंडाळली होती.

"काय म्हणालास?"

"शालन-गाठ. आमच्यात असंच म्हणत्यात. लोहार मिस्त्री होते, वारले ते मागच्या साली. नवीन माणूस आला की पहिल्या दिवशी हे शिकवायचे. नळीला तार मारायची न्हाई, जोडच लावायचा. शालन म्हणून एक बाई होती, तिनं तार मारली आणि एका म्हातारीचं हाड मोडलं." तो हसला. "लई चांगलं शिकवायचे मिस्त्री. आमच्या हातनं असली चूक कधी झाली न्हाई."

"मिस्त्री स्वतः सांगायचे हे?"

"दर वेळी. डोळ्यात पाणी यायचं त्यांच्या. म्हणायचे, माझ्याच हाताखालची होती, मीच कमी पडलो."

गाडीचा मालक बाहेर बाकावर पेपर वाचत बसला होता. रस्त्यावरनं ऊसगाडी चालली होती. मी सर्जेरावाच्या हातातून ती नळी घेतली, तारेचा पीळ उलटा फिरवून सोडवला.

"तिनं ती गाठ मारली नव्हती," मी म्हटलं.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"शालन भोरे माझं नाव."

त्याचं हसू तोंडावरच राहिलं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा बाहेरच्या पाटीकडं. मग खाली मान घालून जोड शोधायला लागला. सापडल्यावर तो दोन्ही टोकांत दाबून बसवला, ओढून बघितला आणि मला दाखवला. मी मान डोलावली.

संध्याकाळी शटर ओढताना तो म्हणाला, "पण ताई, मिस्त्री खोटं कशाला सांगतील?"